फायबरची होडी घरी बांधताना : थरांची जोडणी कशी करावी?

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही पुण्याला पाणी देणारी चार धरणे. त्यांपैकी खडकवासल्याचे धरण सर्वांत जुने. त्याचे काम १८७९ मध्ये पूर्ण झाले. अशा जलाशयांच्या काठी ज्यांची शेती आहे, जे मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद आहेत किंवा ज्यांनी मोठ्या शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडले आहेत, त्यांना लहानशा होडीची गरज वारंवार भासते. जाळे टाकणे, माशांना खाद्य देणे, पाणी ओसरल्यावर पंपाचा फुटव्हॉल्व्ह पुढे सरकवणे ही कामे होडीमुळे सोपी होतात.

लाकडी होडीला दरवर्षी डागडुजी लागते आणि चांगले लाकूड महाग पडते. पत्र्याची होडी गंजते. त्यामुळे काचतंतू आणि रेझिन यांपासून बनणाऱ्या, म्हणजेच फायबरच्या होडीकडे अनेकांचा कल असतो. साचा मिळाल्यास अशी १२-१३ फुटांची होडी घरच्या घरी दोन-तीन माणसांत तयार करता येते. मात्र तिचा टिकाऊपणा एका गोष्टीवर अवलंबून असतो. ती म्हणजे एका थराची दुसऱ्या थराशी झालेली जोडणी. या लेखात त्याच गोष्टीची माहिती दिली आहे.

जोडणीला एवढे महत्त्व का?

फायबरचा एकेक थर ताणाला चांगला चिवट असतो. काचतंतू सहजासहजी तुटत नाहीत. परंतु दोन थरांच्या मधल्या सांध्यात काचतंतू नसतात, तेथे फक्त रेझिन असते. सांधा कच्चा राहिला तर वरून होडी नवीकोरी दिसते, पण आतून थर पापुद्र्यासारखे सुटू लागतात. त्या फटीत पाणी शिरते आणि होडी जड होते. एखाद्या दिवशी भर पाण्यात बसण्याची फळी किंवा तळाचा तुकडा निखळतो. हा धोका वस्तूच्या नुकसानीचा नसून होडीत बसलेल्या माणसाच्या जिवाचा आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर थोड्या काळात फार मोठ्या संख्येने फायबर होड्या बांधल्या गेल्या. घाईत झालेल्या बांधणीच्या दर्जाबद्दल पुढे जाणकारांना चिंता वाटली आणि होडी बांधणाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे लक्ष द्यावे लागले. घरी होडी बांधणाऱ्यानेही यातून धडा घ्यावा.

ओला सांधा आणि वाळला सांधा

पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर मिसळल्यावर ते प्रथम दह्यासारखे घट्ट होते व नंतर कडक होते. परंतु हवेतील प्राणवायूमुळे त्याचा वरचा पृष्ठभाग काही काळ किंचित चिकट राहतो. या अवस्थेत वर दुसरा थर दिल्यास नवे रेझिन जुन्या रेझिनशी रासायनिक रीतीने जोडले जाते व दोन्ही थर एकजीव होतात. हा झाला ओला सांधा. आंब्याचे कलम बांधताना खुंट व काडी दोन्ही ताजी, रसरशीत असावी लागतात, तसाच हा प्रकार आहे.

जुना थर पूर्ण कडक झाल्यावर ही संधी निघून जाते. मग नवा थर फक्त पृष्ठभागाला धरून राहतो. हा वाळला सांधा. जुन्या भिंतीवर नवा गिलावा करताना गवंडी आधी टाचे मारतो, कारण गुळगुळीत भिंत गिलावा धरत नाही. वाळल्या सांध्याचेही तसेच आहे. पृष्ठभाग खरवडून खडबडीत केल्याशिवाय नवा थर टिकत नाही.

शेतकऱ्याला सगळी होडी एका दमात पूर्ण करता येत नाही. धारा काढायच्या असतात, पाण्याची पाळी येते, वीज रात्रीची असते. म्हणून काम कोठे थांबवायचे आणि पुन्हा कसे सुरू करायचे, हे आधीच ठरवून घ्यावे.

ओल्या सांध्यासाठी कामाची आखणी

१) सर्वसाधारणपणे पहिला थर दिल्यापासून २४ तासांच्या आत पुढचा थर द्यावा. कडक उन्हात हा अवधी बराच कमी होतो. त्यामुळे काम मांडवाखाली किंवा शेडमध्ये करावे.

२) साच्यावरील जेलकोटला बोट लावून पाहावे. तो चिकट लागला पाहिजे, पण बोटाला रंग लागता कामा नये. या वेळी ३०० ग्रॅमच्या मॅटचा पहिला थर द्यावा व तो कडक होऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचे थर द्यावेत.

३) मॅट आणि विणलेले रोव्हिंग आलटून पालटून घालावे. दोन रोव्हिंग एकावर एक घालू नयेत. रोव्हिंगच्या विणीतील खळगे मॅटचे मोकळे तंतू भरून काढतात आणि सांधा घट्ट होतो.

४) एका वेळी तीन-चार थरांपेक्षा जास्त थर देऊ नयेत. रेझिन घट्ट होताना उष्णता निर्माण होते. थर जाड झाल्यास ती आत कोंडते आणि तडे पडतात.

५) एकाच थरातील दोन तुकडे जोडताना किमान ५ सेंटिमीटर एकावर एक चढवावेत. खालच्या व वरच्या थरातील जोड एकाच रेषेत येऊ देऊ नयेत. विटांच्या बांधकामात सांधमोड करतात, त्याप्रमाणे ते किमान १० सेंटिमीटर सरकवून घ्यावेत.

६) काम थांबवायचे असेल तर शेवटचा थर मॅटचा ठेवावा. शक्य असल्यास त्यावर पीलप्लाय नावाचे नायलॉनचे कापड ओल्या रेझिनमध्येच बसवावे. पुन्हा काम सुरू करताना ते सोलून काढले की खाली स्वच्छ, खडबडीत पृष्ठभाग मिळतो.

रेझिन व हार्डनरचे प्रमाण

४५० ग्रॅमच्या एक चौरस मीटर मॅटला सुमारे १ किलो रेझिन लागते. ६०० ग्रॅमच्या रोव्हिंगला चौरस मीटरमागे ६०० ते ७०० ग्रॅम पुरते. जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती, हा समज चुकीचा आहे. जादा रेझिनमुळे थर ठिसूळ होतो.

हार्डनर १ किलो रेझिनला सर्वसाधारणपणे १० ते २० मिलिलिटर लागते. उन्हाळ्यात कमी व थंडीत जास्त घ्यावे, पण विक्रेत्याने दिलेल्या पत्रकातील मर्यादा ओलांडू नये. अंदाजाने झाकणभर ओतण्याची सवय टाळावी. हार्डनर कमी पडल्यास थर कायमचा कच्चा राहतो आणि त्यावर नंतर कितीही थर दिले तरी उपयोग होत नाही.

पुणे परिसरात या कामास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मात्र थंडीत सकाळी लवकर काम सुरू करू नये. हवेचे तापमान १८ अंशांच्या वर गेल्यावर सुरुवात करावी. पावसाळ्यात मॅट दमट होते आणि ओलसर मॅट रेझिन नीट पीत नाही. म्हणून मॅटचे गुंडाळे प्लॅस्टिकमध्ये बांधून कोरड्या जागी ठेवावेत.

वाळला सांधा करण्याची पद्धत

मध्ये काही दिवस गेले असतील, रेझिन मेणयुक्त असेल किंवा जुन्या होडीची दुरुस्ती असेल, तर पुढील क्रम पाळावा.

१) प्रथम स्वच्छ फडक्याने ॲसिटोन लावून पृष्ठभाग पुसावा. तेल, मेण, हाताचा घाम निघून गेला पाहिजे. हे काम घासण्यापूर्वीच करावे. आधी घासल्यास मेण ओरखड्यांत दाबले जाते.

२) नंतर ३६ ते ६० नंबरच्या काचपेपरने किंवा ग्राइंडरने घासावे. चकाकी पूर्ण जाऊन पृष्ठभाग पांढुरका, निस्तेज दिसला पाहिजे. एकही चकचकीत ठिपका ठेवू नये. मात्र रोव्हिंग कापले जाईल इतके खोल घासू नये.

३) धूळ ब्रशने झाडून काढावी. पाण्याने धुतल्यास पूर्ण वाळू द्यावे.

४) घासलेल्या जागेवर हात फिरवू नये आणि त्याच दिवशी नवा थर द्यावा.

५) आधी रेझिनचा पातळ हात द्यावा व त्यावर मॅट घालावी. वाळल्या पृष्ठभागावर थेट रोव्हिंग घालू नये.

६) लोखंडी रोलरने मधून कडेकडे फिरवत हवेचे बुडबुडे काढावेत.

कोपरे व बसण्याच्या फळ्या

घरी बांधलेल्या होडीत सर्वांत आधी निखळते ती बसण्याची फळी. कारण फळी बहुधा होडी तयार झाल्यावर काही दिवसांनी बसवली जाते आणि तो सांधा वाळला असतो. तेथे घासणी न करता मॅटची पट्टी चिकटवली जाते. शिवाय काटकोनी कोपऱ्यात मॅट नीट बसत नाही व मागे पोकळी राहते. म्हणून आधी रेझिन व टाल्क पावडरची पुट्टी करून कोपरा गोलसर भरून घ्यावा. नंतर दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटर येईल अशी पहिली पट्टी, साडेसात सेंटिमीटर येईल अशी दुसरी आणि १० सेंटिमीटर येईल अशी तिसरी पट्टी द्यावी. सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या ठेवल्यास कडेवर ताण एकवटतो.

इपॉक्सी व पॉलिस्टर यांची गल्लत नको

प्लायवूडच्या होडीवर कापड चढवण्यासाठी काही जण इपॉक्सी वापरतात. लाकडाला इपॉक्सी उत्तम धरते. कडक झालेल्या पॉलिस्टरवरही ती घासणी करून लावता येते. परंतु कडक झालेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टर भरवशाने धरत नाही. म्हणून इपॉक्सीवरचे पुढचे थर इपॉक्सीचेच द्यावेत. काही इपॉक्सींवर वाळताना मेणचट थर येतो. तो घासण्यापूर्वी साध्या पाण्याने व भांडी घासण्याच्या घासणीने धुऊन काढावा.

आधी चाचणी घ्यावी

नवे वाण आपण आधी एका वाफ्यात लावून पाहतो. तसेच येथे करावे. फायबरचा जुना, कडक झालेला तुकडा घ्यावा. त्याचा अर्धा भाग घासावा व अर्धा तसाच ठेवावा. दोन्ही भागांवर मॅटची एकेक पट्टी रेझिनने चिकटवावी. पट्टीच्या एका टोकाखाली प्लॅस्टिकचा कागद ठेवावा, म्हणजे ते टोक मोकळे राहील. दोन-तीन दिवसांनी पकडीने ती टोके ओढावीत. न घासलेल्या भागावरची पट्टी सुटून खाली चकचकीत पृष्ठभाग दिसेल. घासलेल्या भागावरची पट्टी सहजी निघणार नाही, आणि निघाली तरी खालचे तंतू उचलून घेईल. एकदा हा फरक पाहिला की घासणीचा कंटाळा येत नाही.

तयार होडी नाण्याने ठोकून पाहावी. जेथे टणटणीत आवाज येतो तेथे सांधा चांगला असतो. जेथे भदभद आवाज येतो तेथे थर सुटलेले किंवा हवा अडकलेली असते. असा भाग खडूने आखून घासून काढावा व पुन्हा भरावा.

घ्यावयाची काळजी

• हार्डनर डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. चष्मा व हातमोजे वापरावेत. डोळ्यांत गेल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने किमान १५ मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे.

• हार्डनर व कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे व नंतर हार्डनर घालावे. शक्यतो कोबाल्ट मिसळलेलेच रेझिन विकत घ्यावे.

• गोठा, कडब्याची गंजी आणि चूल यांपासून दूर काम करावे. विडी-सिगारेट ओढू नये. बादलीत उरलेले रेझिन तापून धूर सोडते. ते उघड्या जागेत पसरून ठेवावे.

• घासताना नाकातोंडावर मास्क बांधावा. काचेची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते.

• हार्डनर पिण्याच्या पाण्याच्या किंवा औषधाच्या बाटलीत ठेवू नये. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये.

• ब्रश धुतलेले ॲसिटोन व उरलेले रेझिन विहीर, कालवा किंवा जलाशयात टाकू नये. खडकवासल्याचे पाणी पुणे शहर पिते, याचे भान ठेवावे.

• पाणी भरल्यास फायबरची होडी बुडते. म्हणून दोन्ही टोकांना बंद हवेच्या पोकळ्या ठेवाव्यात किंवा घट्ट बुचाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन पक्के बांधावेत. थर्माकोल वापरल्यास त्याला ओले पॉलिस्टर रेझिन लागू देऊ नये. रेझिनने थर्माकोल विरघळतो.

जलाशयात होडी घालण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी व मासेमारीच्या हक्काबाबत संबंधित संस्थेची संमती घ्यावी. पहिल्यांदा होडी काठाजवळच्या उथळ पाण्यात उतरवावी, नेहमीच्या ओझ्याइतक्या वाळूच्या पिशव्या भरून ती एक दिवस ठेवावी आणि नंतर सर्व सांधे तपासावेत. पोहता येत असले तरी प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे.

थोडक्यात सांगायचे तर, पृष्ठभाग चिकट आहे तोवर पुढचा थर द्यावा. चिकटपणा गेला असेल तर पुसावे, घासावे, झाडावे आणि मगच थर द्यावा. घासणीसाठी दिलेला अर्धा दिवस वाया जात नाही. पुढे अनेक वर्षे होडीत बसणाऱ्या घरच्या माणसांची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते.