घरून काम करताय? मग ऑफिसचा कोणता खर्च घरी आलाय, ते आधी मोजा

घरून काम सुरू झालं की पहिल्यांदा जाणवते ती पेट्रोलची बचत. रोज जाऊन-येऊन ३० किलोमीटर आणि महिन्याला २२ दिवस म्हणजे ६६० किलोमीटर. गाडी लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर जवळपास १५ लिटर पेट्रोल वाचतं. लिटरला १०० रुपये धरले तरी दीड हजार रुपये झाले. बाहेरचा चहा-वडापाव आणि पावसात करावी लागणारी रिक्षा वेगळीच.

तरीही महिनाअखेरीस खात्यात दीड हजार जास्त दिसत नाहीत. कारण ऑफिसचा खर्च बंद झालेला नसतो, तो घरी राहायला आलेला असतो. दिवसभर पंखा, एसी, वायफाय, लॅपटॉप आणि दुपारी मोबाइलवरून मागवलेलं काहीतरी.

यात आणखी एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. पेट्रोल वाचतं ते तुमच्या खिशातून, पण वाढलेलं वीजबिल बहुतेक घरांत आई किंवा बाबा भरतात. म्हणजे बचत एकाची आणि खर्च दुसऱ्याचा. म्हणून आज आपण बघूया की हा खर्च नेमका किती असतो, तो मोबाइलवर कसा मोजायचा आणि कुठे कमी करता येतो.

१. वीज: आधी युनिट समजून घ्या

१००० वॉटची वस्तू १ तास चालली की १ युनिट होतं. सूत्र सोपं आहे: वॉट × तास ÷ १०००. कोणत्याही वस्तूच्या मागच्या स्टिकरवर वॉट लिहिलेले असतात. मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा आणि रोज ८ तास, महिन्याला २२ दिवस असा हिशेब करा.

- लॅपटॉप (साधारण ५० वॉट): ९ युनिट
- डेस्कटॉप आणि मॉनिटर (साधारण १५० वॉट): २६ युनिट
- जुना छताचा पंखा (७५ वॉट): १३ युनिट
- बीएलडीसी पंखा (३० वॉट): ५ युनिट
- ९ वॉटचा एलईडी बल्ब: दीड युनिट
- वायफाय राउटर (१० वॉट, २४ तास, ३० दिवस): ७ युनिट
- दीड टनाचा एसी (हिशेबापुरतं तासाला १ युनिट धरलं तर): १७६ युनिट

यादी नीट बघा. "लॅपटॉप सारखा चार्जिंगला असतो म्हणून बिल वाढलं" असं घरात ऐकू येतं, पण लॅपटॉप त्यात फारच छोटा आहे. खरा फरक एसीचा. तो नसेल, तर पंख्याचा.

तुमचा एसी नक्की किती खातो हे त्याच्यावरच्या स्टार लेबलवरून कळतं. लेबलवर वर्षाचे युनिट दिलेले असतात आणि ते १६०० तासांच्या वापरासाठी काढलेले असतात. त्या आकड्याला १६०० ने भागा, तासाचा अंदाज मिळेल. खोलीवर ऊन येत असेल, फिल्टर साफ नसेल किंवा एसी जुना असेल तर प्रत्यक्षात यापेक्षा जास्त वीज जाते.

स्लॅबची पायरी चढू नका

महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. पहिल्या १०० युनिटनंतर पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. पण बरेच जण इथे गोंधळतात. १०१ वं युनिट लागलं म्हणून आधीच्या १०० युनिटचा दर वाढत नाही, वाढीव दर फक्त वरच्या युनिटना लागतो.

समजा तुमच्या घरी आधी महिन्याला ९५ युनिट लागत होते. घरून काम सुरू झाल्यावर लॅपटॉप, पंखा आणि दिवा मिळून २४ युनिट वाढले. आता झाले ११९. म्हणजे वाढलेल्यांपैकी १९ युनिट महाग दराचे. एसीही रोज ८ तास लागला तर आकडा २९५ वर जातो, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या दारात. म्हणून घरून काम करताना वाढणारी वीज ही बहुतेक वेळा बिलातली सगळ्यात महाग वीज असते. मुंबईत अदानी, टाटा पॉवर किंवा बेस्टचं कनेक्शन असेल तर दर वेगळे असतील, ते तुमच्या बिलावर बघा.

मग करायचं काय?

- एसी २४ अंशांवर ठेवा. २०२० पासून स्टार लेबल असलेल्या नव्या एसीत २४ हेच सुरुवातीचं तापमान ठेवणं बंधनकारक आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान १ अंशाने वाढवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते. सोबत पंखा मंद चालू ठेवला की २४ ला सुद्धा छान गार वाटतं.
- फिल्टर महिन्यातून एकदा धुवा. दहा मिनिटांचं काम आहे, मेकॅनिक लागत नाही.
- पंखा दिवसाला १६ तास चालत असेल तर बीएलडीसीने महिन्याला साधारण २१ युनिट वाचतात. तुम्ही दुसऱ्या टप्प्यात असाल तर हे दोनशे रुपयांच्या आसपास जातं. अडीच-तीन हजारांचा पंखा वर्ष-सव्वा वर्षात वसूल होतो. रोज दोन-तीन तासच पंखा लागत असेल तर मात्र बदलायची घाई नको.
- कामाची जागा खिडकीजवळ घ्या, दिवसा दिवा लागणार नाही. पण स्क्रीनवर ऊन पडणार नाही अशी बाजू निवडा, नाहीतर ब्राइटनेस वाढवून डोळे दुखतील.
- महावितरणच्या अॅपमध्ये किंवा वेबसाइटवर 'गो ग्रीन' निवडा. कागदी बिलाऐवजी ई-बिल घेतलं की प्रत्येक बिलामागे १० रुपये सूट मिळते, म्हणजे वर्षाचे १२० रुपये. बिल लवकर भरल्यास मिळणाऱ्या सवलतीची तारीखही बिलावर छापलेली असते. ती मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.
- घरी नवीन स्मार्ट मीटर बसलं असेल तर बिलात टीओडी, म्हणजे वेळेनुसार दराची ओळ आहे का बघा. दिवसाच्या वापरावर सवलत असेल तर वॉशिंग मशीन आणि पाण्याची मोटर त्या वेळेत लावा. तुम्ही घरीच आहात, मग हे जमण्यासारखं आहे.

२. इंटरनेट: जास्त स्पीड म्हणजे चांगलं काम, असं नाही

एका एचडी व्हिडिओ कॉलला साधारण ३ ते ४ एमबीपीएस पुरतात. घरात दोघांचे कॉल आणि तिसऱ्याचं ओटीटी एकाच वेळी चालू असलं तरी ३०-४० एमबीपीएसचा प्लॅन बहुतेक घरांना पुरतो. २०० एमबीपीएसचे पैसे भरूनही कॉल अडकत असेल तर दोष प्लॅनचा असेलच असं नाही. राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटात असेल तर सिग्नल तुमच्या खोलीपर्यंत पोचतच नाही.

आधी राउटरजवळ उभं राहून स्पीड टेस्ट करा, मग तुमच्या कामाच्या जागेवर. दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर राउटरची जागा बदला किंवा लॅपटॉपला केबल लावा. शंभर-दीडशे रुपयांची केबल महागड्या प्लॅनपेक्षा जास्त उपयोगी पडते. टेस्टमध्ये अपलोडचा आकडाही बघा. तुमचा चेहरा आणि आवाज समोरच्याकडे जातो तो अपलोडवरून.

प्लॅन घेताना जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी धरा. ५०० चा प्लॅन हातात ५९० ला पडतो. सहा महिन्यांचा एकदम घेतल्यावर सूट मिळत असेल तर चांगलंच, पण आधी एक महिना वापरून मगच एवढे पैसे अडकवा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर लक्षात ठेवा, एका तासाच्या व्हिडिओ कॉलला १ जीबीच्या आसपास डेटा जाऊ शकतो. फक्त ऐकायची मीटिंग असेल तर येणारा व्हिडिओ बंद करा.

शेवटचं म्हणजे, कंपनीत इंटरनेट भत्ता आहे का, हे एचआरला एकदा विचारा. अनेक ठिकाणी तो बिल दाखवल्यावर मिळतो आणि कोणी मागतच नाही म्हणून पडून राहतो. त्यासाठी कनेक्शन तुमच्या नावावर असलेलं बरं.

३. रिचार्ज: वर्षाला १२ की १३?

२८ दिवसांचा प्लॅन महिन्याचा वाटतो, पण २८ × १३ = ३६४. म्हणजे वर्षात १२ नाही तर १३ रिचार्ज. प्लॅन २९९ चा असेल तर एका नंबरमागे वर्षाला २९९ रुपये जास्त गेले. घरात चार नंबर असतील तर चौपट. ट्रायच्या २०२२ च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला रिन्यू होणारा, असे प्लॅन ठेवावे लागतात. तुलना करताना प्लॅनची किंमत भागिले दिवस करा, रोजचा खर्च लगेच कळतो.

घरी वायफाय असेल तर घरातच असणाऱ्या आई-बाबांना रोजचा २ जीबी डेटा लागतो का, हेही बघा. आजीकडे साधा कीपॅड फोन असेल तर फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन २०२५ पासून उपलब्ध आहेत. मात्र स्मार्टफोनवर हा प्लॅन टाकला तर घराबाहेर पडल्यावर व्हॉट्सअॅप आणि यूपीआय चालणार नाही. आधी तसं सांगा, मगच बदला.

४. ऑटोपे: न विचारता जाणारे पैसे

अॅप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, असं नसतं. पैसे कापायची परवानगी तुमच्या यूपीआयमध्ये किंवा कार्डवर तशीच राहते.

आज पाच मिनिटं काढा आणि दोन ठिकाणी बघा. गूगल पे, फोनपे किंवा पेटीएममध्ये प्रोफाइलवर जाऊन 'ऑटोपे' उघडा. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलवर टॅप करून पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स बघा. एकापेक्षा जास्त यूपीआय अॅप वापरत असाल तर प्रत्येकात बघा. जे ओळखीचं नाही किंवा दोन महिने उघडलेलंच नाही, ते रद्द करा. पण थांबा! एसआयपी, विम्याचा हप्ता आणि कर्जाचा हप्ताही याच यादीत असतो. नाव नीट वाचल्याशिवाय काहीही रद्द करू नका.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. आपण ते एसएमएस वाचतच नाही. '१ रुपयात ट्रायल' घेताना पिन टाकण्याआधी स्क्रीनवर दोन गोष्टी वाचा: जास्तीत जास्त किती रक्कम कापली जाईल आणि किती दिवसांनी. १ रुपया दिसतो मोठ्या अक्षरात, पुढचे काही शे रुपये लहान अक्षरात.

५. दहा मिनिटांत येणारा किराणा

घरी बसून काम करताना दुपारी चार वाजता भूक लागते आणि बोट अॅपवर जातं. बिस्किटांचा पुडा ३० रुपयांचा, पण डिलिव्हरी, हँडलिंग आणि छोट्या ऑर्डरचा चार्ज मिळून बिल कितीतरी वर जातं. एकदा शेवटचं बिल उघडून वस्तूंची किंमत आणि इतर चार्ज वेगळे मोजा.

उपाय साधा आहे. गूगल कीपमध्ये घराची एक यादी बनवा आणि घरातल्या सगळ्यांना त्यात जोडा. संपलेली वस्तू ज्याच्या लक्षात येईल त्याने लिहायची आणि आठवड्यातून एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून किंवा एकाच ऑर्डरमध्ये आणायची. भाव बघताना पाकिटाची किंमत नाही, १०० ग्रॅमचा भाव बघा. "मोठं पाकीट स्वस्त" हे दर वेळी खरं नसतं.

६. एका मेसेजमध्ये सगळी बचत जाऊ शकते

"आज रात्री तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आई-बाबांच्या फोनवर आला तर त्यांना आधीच सांगून ठेवा: फोन करायचा नाही, लिंक उघडायची नाही, पाठवलेलं कोणतंही अॅप टाकायचं नाही. बिल भरलंय की नाही ते वीज कंपनीच्या अधिकृत अॅपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून बघता येतं.

७. आता घरात हिशेब मांडा

एक गूगल शीट बनवा. एका बाजूला घरून काम केल्याने वाचलेले पैसे: पेट्रोल, बाहेरचं खाणं. दुसऱ्या बाजूला घरात वाढलेले: वीज, इंटरनेट, ऑर्डर. विजेसाठी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे युनिट बघा. मे महिन्याची तुलना जानेवारीशी करून उपयोग नाही. जुन्या वापराचा तक्ता बिलावरच असतो.

समजा तुमचे पेट्रोलचे १५०० वाचले आणि घरचं वीजबिल ६०० ने वाढलं. मग ते ६०० तुमच्याकडून जायला हवेत. ते बाबांनी मागायची वाट बघू नका, बरेच बाबा मागणार नाहीत. ते नुसतं "पंखा बंद कर" म्हणतील आणि वाद पंख्यावरून होईल. बिल आलं की तुमच्या वाट्याची रक्कम सरळ यूपीआय करा किंवा अख्खं बिलच तुमच्या फोनवरून भरा. तरीही ९०० रुपये तुमच्या हातात उरतात, आणि ही बचत घरातल्या कोणाच्या तरी खिशातून आलेली नसते.