शिंडलरची यादी आणि नगरची छावणी

श्रावणातला पावसाळी रविवार. जेवणे आटोपली होती. मागचे आवरून मी जरा टेकणार, एवढ्यात आमच्या कन्यकेने दवंडी पिटली, "आज सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा आहे. सव्वातीन तासांचा आहे. मध्ये उठायचे नाही!"

बारावीतल्या मुलीच्या हुकमापुढे घरात कोणाचे चालते? आमचे हे वर्तमानपत्रासह खुर्चीत बसले. सासूबाई वाती वळायचे तबक घेऊन पलंगावर बसल्या. मी आपला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेतला.

सिनेमा होता स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘शिंडलर्स लिस्ट’. निघाला १९९३ साली. पुढच्या वर्षी त्याला सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. जवळजवळ सगळा चित्रपट काळापांढरा. सासूबाईंनी विचारलेच, "फार जुना आहे का ग? रंग कसे नाहीत?" दिग्दर्शकाने मुद्दामच तसे केले आहे, हे मी त्यांना समजावीत होते, तोच पडद्यावर एक चष्मेवाला हिशेबनीस आला आणि त्या एकदम म्हणाल्या, "अग, हा तर आपला गांधी!"

खरेच होते ते. १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटातले बेन किंग्जली इथे इट्झॅक स्टर्न नावाच्या ज्यू हिशेबनिसाच्या भूमिकेत आहेत. आम्ही सगळे हसलो. त्यानंतर मात्र घरात कोणी हसले नाही. क्राकाव शहरातली ज्यूंची वस्ती नाझी सैनिक रिकामी करतात, त्या धुमश्चक्रीत तांबडा कोट घातलेली एक चिमुरडी एकटीच रस्त्याने चालली आहे. सबंध प्रसंगात रंग काय तो तेवढाच. पुढे तोच तांबडा कोट प्रेतांच्या गाडीवर दिसतो. सासूबाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला. माझाही एकसुद्धा पेपर तपासून झाला नाही.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. ऑस्कर शिंडलर हा जर्मन कारखानदार, नाझी पक्षाचा सभासद. लढाईच्या धामधुमीत पैसा करावा म्हणून पोलंडमध्ये आला आणि क्राकावला त्याने इनॅमलच्या भांड्यांचा कारखाना चालवायला घेतला. आपल्या आज्यांच्या घरी निळ्या काठांची पांढरी ताटे आणि टमरेले असत ना, तसल्या भांड्यांचा. ज्यू कामगार स्वस्तात मिळतात म्हणून त्याने ते ठेवले. माणूस काही संत नव्हता. दारू, बायका, लाचलुचपत, काळा बाजार, काही म्हणता काही वर्ज्य नव्हते. पण डोळ्यांदेखत चाललेला संहार पाहून त्याच्यात काहीतरी पालटले. मिळवलेला पैसा त्याने अधिकाऱ्यांच्या खिशांत ओतला आणि ‘हे माझे कुशल कामगार, यांच्यावाचून कारखाना चालणार नाही’ असे सांगून अकराबाराशे जीव वाचवले. त्यांच्या नावांची यादी हीच चित्रपटाच्या नावातली यादी. युद्ध संपले तेव्हा शिंडलर कफल्लक झाला होता. १९७४ साली तो वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे जेरुसलेमला त्याचे दफन झाले.

ही हकिगत जगापुढे आली तीही मोठ्या गमतीने. थॉमस केनिली हे ऑस्ट्रेलियन कादंबरीकार १९८० साली अमेरिकेत एका दुकानात चामड्याची बॅग घ्यायला शिरले. दुकानदार शिंडलरच्या यादीतलाच एक वाचलेला माणूस! त्याने गिऱ्हाइकाला बॅग तर दिलीच, वर ही कथाही गळ्यात घातली. तिच्यावरून लिहिलेल्या कादंबरीला १९८२ साली बुकर पारितोषिक मिळाले, आणि तिच्यावरून हा चित्रपट निघाला.

चित्रपट संपला. दिवा लावायला कोणी उठेना. तेव्हा लेक म्हणाली, "आई, आपल्याकडे नव्हता का ग कोणी असा शिंडलर?"

सासूबाईंनी परस्पर उत्तर दिले, "आपल्याकडे कशाला लागतोय? आपण कधी ज्यूंच्या वाटेला गेलो नाही." त्यांचेही खोटे नव्हे. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत, शतकानुशतके मराठी बोलत आपल्यात सुखाने नांदले. मराठीत त्यांनी कीर्तने केली, ग्रंथ लिहिले. हा आपला अभिमानाचा ठेवा आहे. पण लेकीचा प्रश्न वेगळा होता. हिटलरपासून पळालेले लोक आपल्या दाराशी आले, तेव्हा काय झाले?

आणि वाचकहो, त्या प्रश्नाच्या उत्तरातला एक धडा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या नगरातच घडलेला आहे. सरकारदरबारी आता आमचे गाव अहिल्यानगर झाले. पण ही गोष्ट ‘अहमदनगर’ या नावानेच कागदपत्रांत नोंदलेली आहे.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीतल्या ज्यूंच्या नोकऱ्या, धंदे, शाळा एकामागून एक हिरावल्या जाऊ लागल्या. १९३८ च्या जुलैत फ्रान्समधील एव्हियाँ गावी बत्तीस देशांचे प्रतिनिधी या निर्वासितांचे काय करायचे, हे ठरवायला जमले. सहानुभूतीची भाषणे पुष्कळ झाली, पण दारे बहुतेकांनी बंदच ठेवली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टावर तांबड्या शाईत ‘जे’ हे अक्षर उमटू लागले. सिनेमातल्या तांबड्या कोटाआधी हा तांबडा शिक्का होता.

अशांपैकी काही थोडे लोक मुंबईच्या धक्क्याला लागले. मुंबईत १९३४ साली ज्यू साहाय्यक मंडळ स्थापन झाले होते. हा माणूस सरकारवर भार होणार नाही, त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी आमची, अशी हमी हे मंडळ सरकारला लिहून देई. अशी हमी पाठीशी असली म्हणजे परवाना मिळण्याची आशा. लाखो बळींच्या हिशेबात अशा रीतीने वाचलेले लोक मूठभरच. पण त्या मुठीतल्या एकेकाला विचारा!

मुंबईला तरी या मुठीने काय दिले, तेही पाहा. आकाशवाणीची पहाटेची ती ओळखीची धून आपल्या दोन पिढ्यांच्या कानांत बसली आहे. तिचे श्रेय ज्यांना देतात, ते वॉल्टर कॉफमन १९३४ साली मुंबईला आलेले ज्यू संगीतकारच. ऑस्ट्रियाहून आलेले एमान्युएल श्लेसिंजर मुंबईच्या तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेऊ लागले, तेव्हा आरा, हुसेन, रझा ही नावे अजून कोणाला ठाऊकही नव्हती.

१९३९ च्या ३ सप्टेंबरला युद्ध पेटले. हिंदुस्थानालाही व्हाइसरॉयने त्याच दिवशी युद्धात ओढले. लगेच देशभरातल्या प्रौढ जर्मन पुरुषांची धरपकड झाली आणि त्यांना आणून ठेवले आमच्या नगरच्या छावणीत. नगरला हे नवे नव्हते. पहिल्या महायुद्धातही जर्मन कैद्यांची मोठी छावणी इथेच होती. पण या वेळी एक भयंकर गंमत झाली. सरकारने पाहिला तो पासपोर्ट. जर्मन पासपोर्टवाला तो शत्रू! मग तो हिटलरचा भगत असो, की हिटलरच्या तावडीतून जीव घेऊन पळालेला ज्यू असो. ज्याला जर्मनीने ‘तू जर्मन नव्हेस’ म्हणून हाकलले, त्याला इंग्रजांनी ‘तू जर्मन आहेस’ म्हणून कोंडले. आणि कोंडले तेही नाझींच्याच सोबतीला!

त्या सोबतीतला एक माणूस पुढे जगप्रसिद्ध झाला. हाइनरिख हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीला पकडला गेला आणि नगरला आला. पुढे त्याला देवळालीला आणि मग डेहराडूनला नेले. तिथून १९४४ साली पळून तो तिबेटात पोचला. ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ हा १९९७ चा चित्रपट त्याच्यावरच आहे. हा हारर १९३८ सालीच नाझींच्या एस. एस. संघटनेत दाखल झाला होता. म्हणजे काळ्या गणवेशाच्या संघटनेतला माणूस आणि तिच्या भीतीने देश सोडलेले लोक, दोघांच्याही नशिबी नगरचेच तारेचे कुंपण!

लेक डोळे विस्फारून म्हणाली, "मग?"

मग सुरू झाली नुसती कागदांची लढाई. मुंबईच्या साहाय्यक मंडळाने अर्ज केले, कोण खरा निर्वासित आहे याची शहानिशा करून नावे पुढे ठेवली. सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते माल्कम डार्लिंग. (आडनाव ऐकून त्या वातावरणातही लेकीला हसू आले.) हे गृहस्थ एके काळी देवासच्या पवार महाराजांचे शिक्षक होते आणि पंजाबातल्या शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरचा त्यांचा ग्रंथ गाजलेला होता. समितीने एकेका कैद्याची चौकशी केली आणि काही महिन्यांतच पुष्कळसे ज्यू सुटले. गोष्ट तिथे संपली मात्र नाही. १९४० च्या उन्हाळ्यात हिटलरने युरोप पादाक्रांत केल्यावर सरकार पुन्हा बिथरले. काहींना पुन्हा धरले, काहींना पुरंदर आणि सातारा इथल्या नजरकैदेच्या वसाहतींत ठेवले.

इथे एक खुलासा करते. असा विषय निघाला की कोल्हापूरकडची मंडळी वळिवड्याचे नाव घेतात. १९४३ ते १९४८ पर्यंत तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, हे अगदी खरे आहे आणि कोल्हापूरला भूषणावहच आहे. पण ते बहुतेक कॅथलिक ख्रिस्ती होते. रशियाने सैबेरियाकडे हाकललेले ते लोक. नगरच्या या ज्यूंची गोष्ट निराळी.

आणखी एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. हिंदुस्थानने ज्यू निर्वासितांना, त्यांतल्या तज्ज्ञांना तरी, जवळ करावे, असे युद्धापूर्वीच आग्रहाने म्हणणारे एक पुढारी होते पंडित नेहरू. १९४२ च्या ऑगस्टात त्यांनाच कैदी म्हणून नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणले. १९४५ च्या मार्चपर्यंत ते तिथे होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी तिथेच लिहिले.

रात्री सगळे निजल्यावर माझ्या मनात त्या यादीचेच विचार येत होते. चित्रपटात शिंडलर येरझारा घालीत नावे सांगतो आणि स्टर्न टंकयंत्रावर उतरवून घेतो. प्रसंग विलक्षण आहे. पण अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले, की प्रत्यक्ष यादी शिंडलरने अशी बसून लिहवलेली नव्हती. ती दुसऱ्यांच्या हातून तयार झाली, आणि तिच्यात नाव घालण्यासाठी लाचही चालली. हे वाचून मला आधी वाईट वाटले होते. आता वाटते, तारणाचे काम असेच असते. पडद्यावर ते भव्य दिसते. जवळून पाहिले तर अर्ज, शिक्का, रकाना आणि हमीपत्राखाली कोणाची तरी सही, एवढेच. त्या सहीला धोका असतो, म्हणूनच तिला किंमत असते.

आणि इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाझींच्या संहाराशी तिची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण त्या रात्री झोप उडाली ती तिच्यामुळेच.

सहा वर्षांपूर्वी पाथर्डीकडची एक मुलगी माझ्या वर्गात होती. आईवडील ऊसतोडीला जात. तिला परिचारिकेच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. फीसाठी एका पतसंस्थेचे कर्ज हवे होते. दोन पगारदार जामीनदार पाहिजेत. एक मिळाला होता. दुसऱ्या सहीसाठी ती माझ्याकडे आली. "मॅडम, मी एकही हप्ता चुकवणार नाही."

मी म्हटले, "घरी विचारून सांगते हं."

घरी मी विचारलेच नाही. ती पुन्हा आली, मी तेच सांगितले. तिसऱ्या वेळी ती वर्गाच्या दाराशी उभी दिसली, तेव्हा मी मागच्या जिन्याने ग्रंथालयात निघून गेले. दिवाळीच्या आधी ऊसतोडीच्या गाड्या भरून निघाल्या, त्यांत तीही गेली, असे मैत्रिणींकडून कळले. पुढचे मला माहीत नाही. विचारायचे धैर्य झाले नाही.

नगरच्या छावणीची गोष्ट मुलांना मी कितीदा सांगितली असेल! पासपोर्टाकडे पाहणाऱ्या आणि माणसाकडे न पाहणाऱ्या कारकुनाला प्रत्येक वेळी नावे ठेवली. त्या रात्री प्रथमच ध्यानात आले, की त्या कारकुनाच्या खुर्चीत मीही बसून आले आहे. ज्यांनी मुंबईत बसून परक्या, अनोळखी माणसांसाठी ‘जबाबदारी आमची’ असे लिहून दिले, तेही पगारावर आणि दुकानावर जगणारे आपल्यासारखेच संसारी लोक असतील. त्यांनाही कोणी घरी म्हटले असेल, "उद्या अंगाशी आले तर?"

नवरात्रात महाविद्यालयातला एक मुलगा तसलाच अर्ज घेऊन घरी आला. या वेळी मी खरोखरच घरी विचारले. आमचे हे हिशेबखात्यातले. त्यांनी चष्मा लावून अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. "हप्ते थकले तर तुझ्या पगारातून कापून घेतील, हे कलम वाचलेस ना?"

"वाचले," मी म्हटले.

सासूबाई वाती वळीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कर ग सही. मुलगा ताटकळलाय."

ह्यांनी काही न बोलता खिशातले पेन काढून माझ्यापुढे धरले. अर्जात एक रकाना होता, ‘जामीनदाराचे अर्जदाराशी नाते’. क्षणभर हात थांबला. मग तिथे ‘शिक्षिका’ असे लिहिले आणि खाली सही केली.