अंशाच्या दोन हजाराव्या भागाची ताकद

सुरतच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मागावरची रात्रपाळी निभावताना गालात तंबाखू धरणारे कामगारही तिथे कमी नाहीत. त्यांतल्या कुणाला तोंडाचा कर्करोग झाला, की ऑपरेशननंतर पुष्कळदा शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यावा लागतो. रोज 2 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, अशा 33 बैठका. एकूण 66 ग्रे.

किलोभर मांसात एक ज्यूल ऊर्जा मुरली की झाला एक ग्रे. ही ऊर्जा इतकी किरकोळ, की 2 ग्रेमुळे गालाचं तापमान एका अंशाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाने वाढतं. डॉक्टरांच्या थर्मामीटरलाही ते कळणार नाही.

पेशीला मात्र कळतं. दर ग्रेमागे एका पेशीतल्या डीएनएचा एक धागा साधारण 1000 ठिकाणी तुटतो आणि 40 ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात. एकच धागा तुटला तर समोरचा शाबूत धागा पाहून पेशी तो सांधते. दोन्ही तुटले की सांधा चुकण्याची भीती फार. 2 ग्रेला अशा 80 दुहेरी तुटी. एका ग्रॅम मांसात 10 कोटी पेशी धरल्या, तरी 800 कोटी तुटी होतात. पृथ्वीवर साधारण तेवढी माणसं आहेत, आणि हे सगळं काही मिनिटांत घडतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कर्करोगाच्या पेशी दुरुस्तीत कच्च्या असतात, म्हणून त्या जास्त मरतात. पण तोंडाचं अस्तर सतत नवं होत असतं आणि तेही या माऱ्यात सोलवटतं. दोन-तीन आठवड्यांत तोंड फोडांनी भरतं, थुंकी गिळणंही नको होतं.

आता असाच मारा सहज सोसणारा, शेवाळात राहणारा टार्डिग्रेड, म्हणजे जलअस्वल पाहा. त्याची लांबी बहुधा मिलिमीटरभरसुद्धा नसते. सगळ्या अंगावर एकदम 4-5 ग्रे बसले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दोन महिन्यांत दगावतात. जलअस्वलाच्या काही जाती 4000 ग्रेच्या आसपास सोसतात. म्हणजे जवळजवळ हजारपट.

2016 मध्ये टोकियो विद्यापीठाच्या ताकेकाझू कुनिएदा यांच्या गटाने अशा एका जातीतलं ‘डीसप’ हे प्रथिन शोधलं. त्याचं जनुक मानवी पेशींत घातल्यावर क्ष-किरणांनी होणारी डीएनएची हानी सुमारे 40 टक्क्यांनी घटली. किरण पेशीतलं पाणी फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल नावाचे आक्रमक कण सुटतात आणि बरीचशी हानी तेच करतात. डीसप डीएनएच्या गुंडाळ्यांना चिकटतं आणि हे कण बाहेर थोपवून धरतं.

2025 च्या सुरुवातीला एमआयटी आणि आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमक्या आपल्या दुखण्यावर बोट ठेवलं. उंदरांच्या गालात डीसपची कृती सांगणारा एमआरएनए टोचला आणि काही तासांनी किरण दिले. दुहेरी तुटी निम्म्यावर आल्या. एमआरएनए थोड्याच काळात नाहीसा होतो, आणि संरक्षण टोचलेल्या जागेपुरतंच राहिलं. गाठीला ते मिळालं नाही.

हजारपट सोसणाऱ्या जिवाकडून आपल्या हाती फक्त निम्मा बचाव आला, असं कुणी म्हणेल. खरंच, तुटलेलं भराभर सांधण्याची जलअस्वलाची हातोटी डीसपमध्ये नाही. ती वेगळ्या जनुकांत आहे. तरीही 80 ऐवजी 40 तुटी, त्याही 33 वेळा, हा फरक ज्याला जेवता येत नाही त्याच्यासाठी फार मोठा आहे. मला हा शोध मोलाचा वाटतो तो यासाठीच.

मात्र हे काम अजून उंदरांपुरतंच आहे. परक्या प्रथिनाला माणसाचं शरीर कसं उत्तर देईल, हे आधी तपासावं लागेल. तोवर एक विनंती: घरात कुणाचा शेक चालू असेल तर फोड आले म्हणून बैठक चुकवू नका. तोंड-घशाच्या कर्करोगात उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एका टक्क्याने घटते. दुखणं सहन होत नसेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. त्यावर औषधं आहेत, गरज पडल्यास नाकातून नळीने अन्नही देता येतं.