मळ्यातला कुत्रा फुकटात पडत नाही

निफाडच्या मळ्यावर राखणीला कुत्रा लागतोच, आणि पिल्लू बहुधा फुकट मिळतं. खर्च नंतर. पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, ती पुढे दरवर्षी. जंताचं औषध, गोचीड, नसबंदी. रस्त्यावरून आणलेल्याचा खर्च तर उपचारांपासूनच सुरू होतो.

इथला खास धोका द्राक्षांचा. मणी असोत की बेदाणे, कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, याचा नेम नाही. काढणीत वेलीखाली सांडलेला माल उचलायलाच हवा. खाल्लेच, तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्यावं.

शिवाय उसातला बिबट्या. ओट्यावर साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट. रात्री कुत्र्याला पक्क्या दाराआड घ्या. थंडीसाठीही ते हवंच; निफाडचा पारा तेव्हा पाच अंशांखालीही जातो.