गर्दी पांगल्यानंतर : क्यूआर कोड, संकेतस्थळ आणि आपला छोटा व्यावसायिक

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटतो. या जनसागरात आपल्या समाजातील कितीतरी छोटे व्यावसायिक स्टॉल लावून बसलेले असतात. कोणी बाबासाहेबांचे ग्रंथ विकतो, कोणी तथागतांच्या मूर्ती, कोणी तसबिरी, पंचशील ध्वज आणि दिनदर्शिका. त्यांच्यापैकी अनेकांची वर्षाची कमाई या चार-सहा दिवसांवर अवलंबून असते. गर्दी पांगली की गिऱ्हाईकही पांगते. कोल्हापूरहून आलेल्या वाचकाने पुस्तक घेतले, पैसे दिले आणि तो निघून गेला. त्याला पुढचा खंड हवा असेल तर विक्रेत्याला गाठायचे कुठे, हे त्याला ठाऊक नसते. विक्रेत्यालाही त्याचा ठावठिकाणा माहीत नसतो.

२०२० साली कोरोनामुळे या दोन्ही ठिकाणी गर्दी करता आली नाही, तेव्हा या तुटलेल्या धाग्याची किंमत कळली. ज्यांच्याजवळ वाचकांचे पत्ते आणि फोन क्रमांक होते, त्यांना निदान टपालाने पुस्तके पाठविण्याचा मार्ग उरला. इतरांचा माल घरात पडून राहिला. हा धागा जोडून ठेवण्याचे एक अत्यंत स्वस्त साधन आज आपल्या हाती आले आहे. त्याची माहिती करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

हा चौकोन म्हणजे काय?

काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या ज्या चौकोनावर मोबाईल धरून आपण पैसे देतो, त्यास क्यूआर कोड म्हणतात. क्यूआर म्हणजे ‘क्विक रिस्पॉन्स’, अर्थात झटपट प्रतिसाद. १९९४ साली जपानमधील डेन्सो या मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा या अभियंत्याने सहकाऱ्याच्या मदतीने तो तयार केला. कारखान्यातील सुट्या भागांची नोंद ठेवण्यास जुना उभ्या रेघांचा बारकोड अपुरा पडत होता, कारण त्यात वीसेक अक्षरेच मावत. क्यूआर कोडमध्ये माहिती आडवी व उभी अशा दोन्ही दिशांनी भरली जाते, त्यामुळे त्यात जास्तीत जास्त ७,०८९ अंक मावू शकतात. त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात. त्यांवरून यंत्राला कोडची दिशा ओळखता येते, म्हणून तो उलटा धरला तरी वाचला जातो. पेटंट असूनही कंपनीने त्याचा हक्क बजावला नाही. म्हणूनच आज कोणीही विनामूल्य असा कोड बनवू शकतो.

आपल्या देशात हा चौकोन घरोघरी पोहोचला तो पैशाच्या व्यवहारामुळे. २०१६ साली यूपीआय ही व्यवस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला आलेल्या ‘भीम’ अॅपला परमपूज्य बाबासाहेबांचे नाव देण्यात आले.

दोन कोड, दोन कामे

परंतु येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. स्टॉलवर टांगलेला पैशाचा कोड व्यवहार *संपवितो*. पैसे मिळाले, संबंध संपला. त्याच तंत्राचा दुसरा उपयोग म्हणजे कोडमध्ये आपल्या संकेतस्थळाचा पत्ता भरणे. गिऱ्हाइकाने त्यावर कॅमेरा धरला की आपले पान उघडते. हा कोड संबंध *सुरू करतो*. पैशाचा कोड स्टॉलवरच राहतो. ओळखीचा कोड मात्र पुस्तकातील खूणपट्टीवर, मूर्तीच्या खोक्यावर, पिशवीवर छापलेला असल्याने गिऱ्हाइकाबरोबर घरी जातो आणि सहा महिन्यांनीही कामास येतो. आपल्या बहुतेक व्यावसायिकांकडे पहिला कोड आहे, दुसरा नाही.

कोड छापताना घ्यावयाची काळजी

१) कोड निदान दोन सेंटिमीटर लांब-रुंद असावा. ज्या अंतरावरून तो वाचला जाणार, त्याच्या एक दशांश आकार ठेवावा असा ढोबळ नियम आहे. दोन मीटरवरून वाचावयाच्या फलकावर वीस सेंटिमीटरचा कोड हवा.

२) पार्श्वभूमी फिकट आणि ठिपके गडद असावेत. पांढऱ्यावर गडद निळा चालतो, पण निळ्यावर पिवळा टाळावा. भोवती चार ठिपक्यांच्या रुंदीइतकी कोरी जागा सोडावी. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा उजेड पडून कोड वाचला जात नाही.

३) पत्ता जितका लांब तितके ठिपके दाट. सर्वांत लहान कोडमध्ये एका बाजूस २१ घरे असतात आणि सर्वांत मोठ्यात १७७. म्हणून रोमन अक्षरांतील छोटा पत्ता घ्यावा. देवनागरी पत्ता कोडमध्ये भरताना फार लांबतो.

४) कोडचा काही भाग मळला वा फाटला तरी तो वाचता यावा, अशी सोय त्यात असते. तिच्या चार पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर सुमारे ३० टक्के नुकसान भरून निघते. कोडच्या मध्यभागी अशोकचक्र किंवा आपले बोधचिन्ह घालावयाचे असल्यास हीच पायरी निवडावी.

५) छापण्यापूर्वी एक नमुना काढून तीन-चार वेगवेगळ्या, विशेषतः जुन्या व स्वस्त मोबाईलवर तपासावा. त्याखाली ‘आमच्या सर्व पुस्तकांची यादी येथे पाहा’ असे एक वाक्य अवश्य लिहावे. नाहीतर तो पैशाचाच कोड आहे असे समजून कोणी हात लावीत नाही.

फुकटच्या कोडचा फसवा मोह

माझ्या परिचयातील एका पुस्तक विक्रेत्याने इंटरनेटवर फुकट कोड मिळतो म्हणून तो घेतला आणि दोन हजार खूणपट्ट्या छापल्या. सहा डिसेंबरला त्या वाटून झाल्या. जानेवारीत एका वाचकाचा फोन आला की, कोड उघडत नाही, पैसे भरण्याची सूचना येते. चौकशी केली तेव्हा कळले की, तो कोड थेट त्याच्या संकेतस्थळाचा नव्हताच. तो आधी कोड देणाऱ्याच्या पत्त्यावर जात होता आणि फुकटची मुदत संपताच दार बंद झाले होते. दोन हजार घरांत पोहोचलेला त्याचा पत्ता एका दिवसात मेला.

अशा कोडला ‘डायनॅमिक’ म्हणतात. त्यातील मजकूर नंतर बदलता येतो हा त्याचा फायदा, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती असते. ज्यात आपलाच पत्ता थेट भरलेला असतो तो ‘स्टॅटिक’ कोड. तो कधीही कालबाह्य होत नाही. पान बदलायचे झाल्यास त्याच पत्त्यावरील मजकूर बदलावा. कोड तयार झाला की कॅमेऱ्यात दिसणारा पत्ता आपलाच आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

संकेतस्थळ आपले असावे

हाच न्याय संकेतस्थळासही लागू आहे. गूगलवरील दुकानाच्या नोंदीबरोबर मिळणारी फुकट संकेतस्थळे अनेकांनी घेतली होती. २०२४ च्या मार्चमध्ये ती सेवा बंद झाली आणि त्यांचे पत्ते निकामी झाले. समाजमाध्यमांवरील पान जरूर ठेवावे, पण तेही दुसऱ्याच्या घरातील भाड्याची खोली आहे. वर्षाकाठी थोडे पैसे भरून स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा आणि तो स्वतःच्याच नावे नोंदवावा, पान तयार करून देणाऱ्याच्या नावे नव्हे.

आपल्या समाजाला या गोष्टीचा अर्थ निराळा सांगावयास नको. १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे देऊ करूनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने स्वीकारली नव्हती. बाबासाहेबांनी पुढे स्वतःची पत्रे आणि स्वतःचा छापखाना उभा केला, तो दुसऱ्याच्या दारात तिष्ठत राहण्याची पाळी येऊ नये म्हणून.

मोबाईलवर नीट दिसणारे पान

कोड वाचणारा माणूस मोबाईलवरच असतो, म्हणून पान मोबाईलसाठीच बनवावे. गूगलही आता पानाची मोबाईलवरील आवृत्ती पाहूनच त्याची नोंद घेते. मजकूर एकाच उभ्या रांगेत असावा, अक्षरे बोटांनी ताणून मोठी करावी लागू नयेत आणि बटणे अंगठ्याने दाबता येतील एवढी असावीत.

छायाचित्रांकडे विशेष लक्ष द्यावे. मोबाईलने काढलेले एक छायाचित्र सहज चार एमबीचे असते. अशी वीस चित्रे टाकली तर खेड्यातील गिऱ्हाइकाला ऐंशी एमबी उतरवून घ्यावे लागतात आणि पान उघडण्यापूर्वीच तो कंटाळून जातो. तीच चित्रे दीडशे केबीपर्यंत लहान केली तर सर्व मिळून तीन एमबीत भागते.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये टंकित केलेला असावा. डी.टी.पी.च्या जुन्या फाँटमधील मजकूर पानावर नुसती चित्रविचित्र अक्षरे दाखवितो, तर पत्रकाचे छायाचित्र टाकल्यास शोधणाऱ्याला त्यातील शब्द सहसा सापडत नाहीत. पानावर पाच गोष्टी पुरेत : आपण कोण व काय विकतो, मालाची यादी, स्पष्ट किंमत, घरपोच पाठविण्याचा खर्च, आणि दाबताच फोन किंवा व्हॉट्सअॅप लागेल असे बटण. पुस्तक असेल तर लेखक, पृष्ठे आणि आवृत्ती द्यावी. मूर्ती असेल तर उंची, वजन आणि ती कशाची आहे ते लिहावे.

गिऱ्हाइकाचा क्रमांक घेतला तर नव्या पुस्तकांची माहिती पाठवू का, हे आधी विचारावे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. आणि कायदा नसता तरी न विचारता कोणाच्या दारात जाऊ नये.

सावधगिरी

पैशाच्या कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवून लुबाडण्याचे प्रकार घडतात, म्हणून गर्दीच्या दिवसांत आपला कोड अधूनमधून तपासावा. ‘तुम्हाला पैसे पाठवितो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे कोणी म्हटले तर तो भामटा समजावा. पैसे स्वीकारण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही.

दुकानदाराचे तीन गुण

अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्तात भगवान बुद्धांनी दुकानदाराची उपमा दिली आहे. उत्कर्ष पावणाऱ्या दुकानदाराचे तीन गुण तेथे सांगितले आहेत. तो ‘चक्खुमा’ असतो, म्हणजे माल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला तर किती नफा होईल, हे त्याला दिसते. तो ‘विधुर’ असतो, म्हणजे खरेदी-विक्रीत कुशल असतो. आणि तो ‘निस्सयसंपन्न’ असतो, म्हणजे लोक त्याला जाणतात, त्याच्यावर विश्वास ठेवतात आणि भांडवल त्याच्या हाती देतात. पहिले दोन गुण आपल्या अनेक व्यावसायिकांत आहेत. तिसऱ्यासाठी मात्र आधी लोकांनी आपणांस ओळखले पाहिजे. कोड आणि संकेतस्थळ ही ओळख पोहोचविण्याची साधने आहेत. माल खोटा असेल तर ती साधने खोटेपणाच लवकर पोहोचवितील.

बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर बाबासाहेबांनी शेअरबाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. त्यांच्या विद्वत्तेत काहीच उणे नव्हते. लोकांपर्यंत जात आधी पोहोचली, काम पोहोचू शकले नाही. आजही दुकानाच्या पाटीवर आडनाव लिहावे की नाही, असा विचार करणारे आपल्यात आहेत. क्यूआर कोडने जात जाणार नाही. पण आपले काम, किंमत आणि शब्द आपल्याच भाषेत, आपल्याच नावाने थेट लोकांसमोर ठेवता येतील आणि राज्यभर विखुरलेले आपले हजारो वाचक आपल्याशी जोडलेले राहतील.

म्हणून संस्थेच्या विद्यार्थ्यांना नम्र विनंती आहे की, प्रत्येकाने वस्तीतील एक छोटा व्यावसायिक निवडावा : पुस्तक विक्रेता, मूर्तिकार, मसाले-पापड करणारा महिला बचत गट, कोणीही. एका रविवारी त्याच्या मालाची यादी करावी, दुसऱ्या रविवारी छायाचित्रे काढून पान तयार करावे, तिसऱ्या रविवारी कोड छापून तपासावा आणि मग पान कसे बदलावयाचे हे त्या व्यावसायिकाला शिकवावे. येत्या ६ डिसेंबरला आपल्या माणसांच्या प्रत्येक पिशवीवर त्यांचा स्वतःचा पत्ता असला पाहिजे. गर्दी पांगेल, पण तो पत्ता घरोघरी जाईल.

जयभीम! नमो बुद्धाय!