*सोयाबीन खरेदीची नोंद यंदा एकाच सामाईक शीटवर: आपली ओळ त्याच दिवशी तपासा*



यंदा आपल्या तिन्ही संकलन केंद्रांवरची सोयाबीनची आवक एकाच गूगल शीटमध्ये लिहिली जाणार आहे. ती शीट तुम्हाला मोबाईलवर बघता येईल. हे का केलं आणि तुम्ही काय करायचं, ते वाचून घ्या.

*गेल्या हंगामात काय झालं?*
प्रत्येक केंद्र आपली एक्सेल फाईल संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ऑफिसला पाठवायचं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती होऊन तीच फाईल परत यायची. ऑफिसात एकाच नावाच्या चार-चार फाईली जमल्या. एका सभासदाचे १२ कट्टे, वजन ७२० किलो. पण हिशोब झाला जुन्या फाईलवरून, आणि तिथे होते ७०२. काटापावती दाखवल्यावर १८ किलोचे पैसे मिळाले, पण हेलपाटे त्यांना पडले. चूक आमची होती.

*सामाईक शीट म्हणजे काय?*
व्हॉट्सॲपवर फाईल पाठवली की तिची आणखी एक प्रत तयार होते. गूगल शीट अशी फिरत नाही. ती इंटरनेटवर, गूगलच्या कॉम्प्युटरवर एकाच ठिकाणी असते आणि आपण सगळे तीच उघडतो. यालाच 'क्लाउड' म्हणतात. गावोगाव एकाच वेळी उघडता येणारं एकच रजिस्टर समजा.

शीटमध्ये लिहिण्याचा अधिकार फक्त तिन्ही केंद्रांच्या काट्यावरच्या माणसांना आणि ऑफिसला आहे. सभासदांना फक्त बघता येईल, त्यामुळे चुकून बोट लागून आकडा बदलेल ही भीती नाही. कोणत्या खात्यावरून, कोणत्या वेळी, काय बदललं याचा इतिहास शीट स्वतः ठेवते. ऑफिसला तो उघडून जुना आकडा परत आणता येतो.

पण एक लक्षात घ्या. *शीटला खरं वजन कळत नाही.* काट्यावर ७२० आणि टाईप झालं ७०२, तर शीट ७०२ च दाखवणार. ही चूक फक्त तुम्हीच पकडू शकता, कारण पावती तुमच्या हातात असते.

*तुम्ही काय करायचं?*

१) तुमचा जीमेल पत्ता आणि सभासद क्रमांक ऑफिसला द्या. अँड्रॉइड फोनमध्ये जीमेल खातं बहुतेक असतंच. प्ले स्टोअर उघडून वर उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर दाबा, पत्ता दिसेल. खातं मोबाईल दुकानदाराने किंवा भाच्याने उघडून दिलं असेल, तर ते नक्की कुणाचं आहे आणि पासवर्ड कुणाकडे आहे, ते आधी बघा.

२) माल घातल्यावर काटापावती घेतल्याशिवाय काट्यावरून हलू नका. कागदी पावती बंद झालेली नाही. वाद झाला तर पावतीच धरली जाईल.

३) त्याच दिवशी रात्री शीटमध्ये आपल्या सभासद क्रमांकाची ओळ बघा. कट्टे, वजन, ओलावा, तारीख हे चारही पावतीशी जुळवा.

४) फरक दिसला तर पावतीचा फोटो ऑफिसच्या नंबरवर पाठवा. ग्रुपवर टाकू नका, तिथे तो मेसेजमध्ये हरवतो.

५) ओळ दिसली नाही तर घाबरू नका. केंद्रावर रेंज नसेल तर नोंद तिथल्या फोनमध्ये राहते आणि रेंज आली की वर चढते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिसली नाही, तर फोन करा.

६) शीट उघडताना 'परवानगी मागा' असं आलं, तर फोनमध्ये दुसरं जीमेल खातं चालू आहे. दिलेलं खातं निवडून पुन्हा उघडा.

⚠️ *लिंक आणि स्क्रीनशॉट बाहेर देऊ नका*
शीटमध्ये आपल्या गोडाऊनला किती माल पडलाय ते दिसतं. खरेदीदाराला हा आकडा आधीच कळला, तर भाव ठरवताना आपला हात दगडाखाली. लिंक दुसऱ्याला पाठवली तरी त्याला शीट उघडणार नाही, पण स्क्रीनशॉट कुणाला अडवता येत नाही. तो तुमच्यावरच आहे.

शीटमध्ये नाव, आधार नंबर, बँक खातं यांतलं काहीही नाही, फक्त सभासद क्रमांक आहे. *शीट बघायला बँकेचा ओटीपी किंवा एटीएमचा पिन कधीच लागत नाही.* कंपनीच्या नावाने कुणी तो मागितला किंवा एखादं ॲप टाकायला सांगितलं, तर ती फसवणूक समजा आणि लगेच ऑफिसला कळवा.

शेजारच्या सभासदाकडे स्मार्टफोन नसेल, तर त्यांची पावती समोर ठेवून त्यांचीही ओळ बघून द्या. पेमेंटची यादी याच शीटवरून निघणार आहे. यादी निघण्याआधी पकडलेली चूक दोन मिनिटांत दुरुस्त होते, नंतरची बँकेपर्यंत जाते.

जीमेल पत्ता देताना अडचण आली, तर फोन घेऊन ऑफिसात या, बसून करून देऊ.

आपलीच,
शेतकरी उत्पादक कंपनी, कार्यालय 🌱