विंधनविहिरीतील पकड

भोकरच्या परिसरात ज्यांनी आपल्या शेतात बोअर पाडून घेतले आहे, त्यांना किती फूट खोल गेले आणि पाणी कोठे लागले, एवढे विचारावयाचा अवकाश, की उत्तर तत्काळ मिळते. परंतु केसिंग, म्हणजे छिद्राच्या वरच्या भागात सोडलेले नळ, किती फुटांवर टेकले व ते कशावर टेकले, असा प्रश्न केला असता बहुतेकांची मुद्रा प्रश्नार्थक होते. हा दोष त्यांचा नव्हे. व्यवहार सगळा फुटाच्या दराने चालतो, आणि ज्याचे पैसे मोजावे लागतात त्याचीच मोजदाद माणसाच्या स्मरणात राहते. तथापि बोअरची गाडी शिवारात उभी राहिल्यापासून मोटार पाण्यात उतरेपर्यंतचे काम जवळून पाहिल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, विंधनविहिरीचे आयुष्य तिच्या खोलीपेक्षा त्या अंधाऱ्या नळीत कोणती वस्तू कशाच्या आधारावर धरून ठेवली आहे, यावरच अधिक अवलंबून असते.

या तालुक्याची भूमीही या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. मराठवाड्याचा बहुतांश प्रदेश काळ्या पाषाणाने आच्छादलेला असला, तरी नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे हे आच्छादन विरळ होत जाते आणि त्याखालचा अतिप्राचीन ग्रॅनाइट व नीस भूपृष्ठावर येतो. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने जे 617 मीटर खोलीचे छिद्र पाडले, त्यात हा आद्य खडक गाठण्यासाठी 338 मीटर जाडीचा काळा पाषाण व त्याखालचा गाळाच्या खडकाचा पातळ थर भेदावा लागला. इकडे तोच खडक कित्येक शिवारांत बांधावर उघडा पडलेला दिसतो. म्हणून येथे एका शेतातील अनुभव शेजारच्या शेतात उपयोगी पडेलच, असा भरवसा देता येत नाही.

गाड्या बहुधा तमिळनाडूतील तिरुचेंगोडच्या असतात, मजूर छत्तीसगडकडचे, आणि मालक आपल्याकडचा. मी पाहिलेल्या एका कामावर प्रथम मोठ्या व्यासाचे बिट लावून माती व मुरूम भेदण्यात आला. छिद्राच्या तोंडातून पिवळसर धुरळा उसळत होता व हातोड्याचा आवाज बसका येत होता. काही वेळाने तो आवाज खणखणीत झाला. मजुराने फावड्यावर धरलेल्या भुकटीचा रंग पालटला आणि तीत अभ्रकाचे कण चमकू लागले. खडक लागला, असे समजून आम्ही पाहणारे निश्चिंत झालो. यंत्र चालविणारा मात्र थांबला नाही. वर निखळलेला पाषाणखंड असू शकतो, ही शंका मनात धरून तो आणखी काही फूट त्याच जाड बिटाने खाली गेला, आणि आवाज व भुकटी यांत फरक पडत नाही, हे पटल्यावरच त्याने हत्यार वर घेतले.

"बस की आता, अण्णा, केसिंगचे पैसे लागतेत," असे शेतमालक म्हणाले. कारण केसिंगचा हिशेब निराळा होतो व तो दुष्काळात जड वाटतो. अण्णांनी, म्हणजे यंत्र चालविणाऱ्याने, नुसती मान हलविली. यानंतर प्लास्टिकचे जाड नळ एकामागून एक जोडीत खाली सोडण्यात आले व शेवटचा नळ खडकावर टेकला. पुढे त्याच्या आतून जाणारे साडेसहा इंची बिट अरुंद छिद्र पाडते, आणि म्हणून वरच्या रुंद व खालच्या अरुंद छिद्राच्या सांध्यावर जी दगडी पायरी उरते, तिच्यावरच केसिंगचा सारा भार राहतो. ही पायरी कच्च्या मुरुमात पडली, तर पावसाळ्यात तिच्याखालची माती सुटते, गढूळ पाणी आत शिरते, आणि एके दिवशी मोटारीभोवती दगड बसतात. नळ व छिद्राची भिंत यांमधील पोकळीत बहुधा मुरूम लोटून काम आटोपतात. वस्तुतः तेथे सिमेंटचा गारा भरला पाहिजे.

पुढील कामात पकडीची कसोटी प्रत्येक रॉडगणिक लागते. प्रत्येक रॉड वीस फुटांचा. म्हणजे चारशे फुटांवर वीस रॉड, त्यांच्या टोकाला हातोडा व त्यात कड्यांनी अडकविलेले बिट, एवढा संभार एका ओळीत लोंबत असतो. नवा रॉड जोडताना वरचे फिरते शीर सोडवावे लागते, आणि तेवढ्या अवधीत हे सगळे ओझे छिद्राच्या मुखाशी, रॉडच्या खाचेत बसविलेल्या एका जाड पान्यावर विसावते. पाना तिरपा बसला, तर संपूर्ण माळ पाताळात. ज्या मजुराच्या हातात तो पाना असतो, तो वयाने लहान असला तरी त्या क्षणी कोणी त्याच्याशी बोलत नाही. तेलविहिरींवर हेच काम दातेरी पाचरी करतात: त्या निमुळत्या खोबणीत बसवितात, आणि नळांचे वजन जितके वाढेल तितक्या त्या अधिक घट्ट आवळतात. विहिरीच्या आत, हजारो फुटांवर एखादे साधन कायम बसवावयाचे झाल्यास शंकू व दातेरी पाचरी यांचीच योजना होते. शंकू पुढे सरकतो, पाचरी बाहेर ढकलल्या जाऊन नळाच्या भिंतीत रुततात.

नको तेथे बसलेली पकड हे या धंद्यातील मोठे संकट. केसिंगखालून सुटलेला दगड हातोडा व भिंत यांच्यामध्ये पाचरीसारखा बसला, की हत्यार ना वर येते, ना खाली जाते. अशा वेळी जाणता माणूस यंत्राची हवा व फेरा बंद करीत नाही. हत्यार अल्पस्वल्प वरखाली खेळवीत दगडाचा चुरा होण्याची वाट पाहतो. उलट फिरविण्याचा मोह त्याला आवरावाच लागतो, कारण रॉडचे आटे त्या दिशेने सुटतात आणि अडकलेल्या हातोड्याबरोबर निम्मे रॉडही गमवावे लागतात. तुटलेला भाग काढण्यासाठी मग कठीण पोलादाचा टॅप आत सोडतात; तो पडलेल्या रॉडच्या पोकळीत स्वतःचे आटे पाडून त्याला धरतो. हे सर्व न पाहता, केवळ हाताला येणाऱ्या कंपावरून करावयाचे असते, आणि ते साधणाऱ्या कारागिराविषयी माझ्या मनात अपार आदर आहे.

पाणी लागल्यावर गाडी निघून जाते व मोटार सोडणारे येतात. मोटार सुरू होताना झटका देते, आणि त्या झटक्याने ती ज्या नळाला लोंबते त्याचे सांधे दिवसेंदिवस ढिले पडतात. म्हणून केसिंगवर बसविलेला क्लॅम्प पक्का हवा आणि जोडीला स्वतंत्र दोर हवाच. ज्या बोअरला पाणी लागत नाही, त्याची मात्र कोणी दखल घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली उघड्या बोअरमध्ये मुले पडण्याच्या घटनांवरून निर्देश दिले, त्यांत केसिंगचे तोंड पोलादी झाकणाने बंद करणे, भोवती सिमेंटचा ओटा बांधणे व निकामी बोअर तळापासून भूपृष्ठापर्यंत भरणे या गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत.

म्हणून ज्यांच्या शेतात यंदा गाडी यावयाची आहे, त्यांना माझी विनंती आहे की, केसिंग टेकेपर्यंत तेथून हलू नये, भुकटी स्वतःच्या हाताने पाहावी, आणि केसिंगची खोली, पाणी लागल्याची खोली व एकूण खोली अशा तिन्ही नोंदी कागदावर लिहून घेऊन तो कागद सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी जपून ठेवावा.